तिथीची पाऊणपट : सोलापूरहून मोरजीला सहा दिवस

पहिला दिवस, फाल्गुन शुद्ध नवमी

गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्याकडे पहाटे साडेचारला निघालो. गाडीत मी, थोरली मुलगी आणि तिचा मामा. धाकट्याची बारावीची परीक्षा चालू, म्हणून त्याची आई घरीच राहिली. तिने कडक भाकरी, शेंगाचटणी आणि एकादशीसाठी राजगिऱ्याचे लाडू बांधून दिले आणि "पाण्यात त्या मास्तरांचं ऐका, स्वतःचं डोकं चालवू नका" हे फाटकापर्यंत येऊन तीनदा सांगितलं.

थोरली पुण्यात नोकरीला असते. दोन वर्षांपासून तिच्या मनात काइटसर्फिंग घर करून बसलंय. मोठा पतंग कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा, पायात फळी घालायची आणि वाऱ्याच्या ओढीवर पाण्यावरून पळायचं. "पप्पा, तुम्ही पण चला, नाहीतर तुम्हाला नुसती काळजी लागून राहील," असं ती म्हणाली. ते खरंच होतं. माझे अक्कलकोट रोडला टॉवेलचे माग आहेत. चार दिवस माग दुसऱ्याच्या भरवशावर सोडणं मला जड जातं. तरी निघालो, कारण फोनवर ज्या शिक्षकाशी बोललो त्याचं एक वाक्य डोक्यात राहिलं होतं. मी विचारलं, कोणत्या तारखेला यायचं? तो म्हणाला, "तारीख सोडा, तिथी बघा. शुद्ध असो की वद्य, दशमी ते द्वादशी या. त्या दिवसांत ओहोटी दुपारी असते."

समुद्रकिनाऱ्यावरचा माणूस सोलापूरच्या माणसाला तिथी बघायला सांगतो, याचं मला फार अप्रूप वाटलं. दाते पंचांग आमच्या गावातून निघतं. आमच्या देवघराशेजारच्या खुंटीला ते लहानपणापासून बघतोय. एकादशी, संकष्टी, लग्नाचे मुहूर्त यापलीकडे त्याचा उपयोग मला ठाऊक नव्हता. निघताना ते खुंटीवरून काढून पिशवीत टाकलं.

मंगळवेढ्याला उजाडलं. ज्वारीची काढणी चालू होती, रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या. पुढे सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागा, मग मिरज, मग कोल्हापुरात पोटभर नाश्ता. आजऱ्यापासून झाडी दाट होत गेली आणि आंबोलीचा घाट उतरताना काच खाली केली तर अंगाला चिकटणारी हवा आत आली. सोलापुरात या दिवसांत पारा ३८ च्या आसपास असतो, पण ती उष्णता कोरडी. घाम येतो तसा वाळतो. इथे घाम वाळायचं नावच नाही. सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, पेडणे करत साडेचारच्या सुमारास मोरजीला पोचलो.

सामान खोलीवर टाकून तडक किनाऱ्यावर गेलो. आकाशात सात-आठ पतंग होते. लांबून वाटलं, आपल्या छपरावर उडवतो तेवढेच असतील. मग एकाच्या खालचा माणूस दिसला आणि त्याचा आकार लक्षात आला. एकेक पतंग आमच्या मागाच्या खोलीच्या भिंतीएवढा. आवाज मात्र नाही. फक्त दोऱ्यांची बारीक शीळ आणि फळीखालून पाणी कापलं जाताना येणारा सळसळ आवाज.

पाणी चढत होतं. साडेसहाला किनारा निम्म्यावर आला, पतंगवाले एकेक करून बाहेर पडले. सूर्य पाण्याला टेकला तसा वारा गेला. कुणी बटण बंद करावं तसा गेला.

दुसरा दिवस, दशमी

सकाळी सातला शिक्षक भेटला. मोरजीचाच मुलगा, तिशीतला, आमच्याशी मराठी बोलायचा आणि स्वतःशी कोकणी. त्याने आधी आम्हाला पाण्याकडे पाठ करून उभं केलं आणि विचारलं, वारा कुठून येतोय? तोंडावर येत होता. म्हणजे पूर्वेकडून, जमिनीवरून समुद्राकडे. अगदी मंद, थंडगार.

"या वाऱ्यात कधीच पतंग उडवायचा नाही," तो म्हणाला. "हा तुम्हाला बाहेर नेईल. आणि बाहेर नेलेल्याला परत आणणारा वारा नाही."

मग वाळूवर काडीने चित्र काढून त्याने समजावलं. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटेचा वारा जमिनीवरून पाण्याकडे. ऊन चढलं की जमीन समुद्रापेक्षा आधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. हा खारा वारा इथे साधारण अकरा-बाराला पश्चिमेकडून सुरू होतो आणि दुपार चढेल तसा उजवीकडे सरकत वायव्येकडून वाहू लागतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो असा वळतो. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की तीन-चारच्या सुमारास वारा उजव्या गालावर आणि थोडा समोरून लागतो. हाच हवा. सरळ समोरून आला तर तो तुम्हाला वाळूवर आपटतो, पाठीमागून आला तर समुद्रात नेतो. तिरका आला तर किनाऱ्याला समांतर जाता येतं, आणि काही बिघडलं तरी तो हळूहळू काठालाच आणून सोडतो.

मामाने विचारलं, "मग आपल्या उजनीला का नाही करत कुणी हे? तिथं तर पाणी केवढं हाय की."

शिक्षकाने उजनी पाहिलेलं नव्हतं, पण उत्तर नेमकं दिलं. वारा किती आहे त्यापेक्षा तो सलग आहे का, हे बघायचं असतं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला मैलोन्‌मैल काही आडवं येत नाही. टेकड्या, झाडं, बांध ओलांडून आलेला वारा तुकड्यातुकड्याने येतो, आणि पतंगाला मध्येच पडणारा वारा आणि एकदम उसळणारा वारा, दोन्ही घातक. पतंगाची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. १२ नॉटचा वारा १७ झाला की आकड्यात पाचच वाढले, पण ओढ दुप्पट झाली. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. म्हणजे आपल्याला नुसती झुळूक वाढल्यासारखी वाटते तेवढ्या फरकात पतंग दोन माणसांचं बळ लावायला लागतो. हे गणित मी त्या दिवशी वहीत लिहून घेतलं.

मग त्याने पतंग उघडला आणि माझं लक्ष शिकवण्यावरून उडालं.

ते कापड. मी गुडघ्यावर बसून बोटाच्या चिमटीत धरून बघितलं. पॉलिएस्टर, कांद्याच्या पातीवरच्या पापुद्र्यासारखं पातळ. डोळ्याजवळ नेल्यावर त्यात बारीक चौकटी दिसल्या, नखाएवढ्याही नाहीत. ताण्यात आणि बाण्यात ठरावीक अंतरावर एक जाड धागा घातलेला. मधलं कापड फाटलं तर फाटणं त्या जाड धाग्यापाशी येऊन थांबतं, पुढे पळत नाही. आम्ही टॉवेलच्या काठाला जाड धागा घालतो तो काठ उसवू नये म्हणून. इथे संपूर्ण कापडच काठांचं विणलेलं होतं. पुढच्या कडेला हवा भरायची जाड नळी, तिला आडव्या फासळ्या. पंपाने हवा भरली की नळी लाकडासारखी कडक होते आणि त्यामुळे पतंग पाण्यात पडला तरी तरंगतो, पुन्हा उचलता येतो. शिक्षकाला मी विचारलं, इंचाला किती धागे? तो हसून म्हणाला, हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी मात्र ठरवलंय, पुढच्या वेळी भिंग घेऊन जाणार आणि मोजणार.

दुपारचा भाग थोडक्यात सांगतो. वाळूवर छोट्या पतंगाने सराव. माणसासमोर एक अदृश्य अर्धगोल असतो, त्याच्या कडेला पतंग धरला तर ओढ कमी, मधोमध आणला तर जबरदस्त. डोक्यावर धरला की जवळजवळ शांत. लहानपणी ढील देत पतंग उडवलेल्या हाताला हे लवकर उमगतं, पण एक सवय मोडावी लागते. आपल्या पतंगाला जोर हवा तर आपण ओढतो. इथे घाबरून हातातली दांडी, जिला पतंगाच्या दोऱ्या बांधलेल्या असतात, ती ओढली की पतंग आणखी जोर लावतो. घाबरलं की सोडायचं. आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर छातीसमोरची लाल मूठ ढकलायची, पतंग सुटतो आणि एका दोरीवर लुळा पडतो. ही लाल मूठ त्याने आम्हाला डोळे मिटून वीस-वीस वेळा शोधायला लावली.

रात्री डबा उघडला. कडक भाकरी मऊ पडली होती. घरी महिना महिना कुरकुरीत राहणारी भाकरी दीड दिवसात हवेतलं पाणी प्यायली.

तिसरा दिवस, एकादशी

हा दिवस मी विसरणार नाही.

सकाळी चहाला (मला उपास, म्हणून काळा चहा आणि लाडू) शिक्षकाच्या वडिलांची गाठ पडली. त्यांची होडी आहे. मी पंचांग काढलेलं बघून ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी मला तो हिशेब शिकवला. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. म्हणजे तिथीची पाऊणपट. जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ, सकाळची आणि रात्रीचीही. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. आपल्या भाषेत पावणे, साडे, सव्वा हे शब्द जणू या हिशेबासाठीच घडले असावेत असं मला तेव्हा वाटलं. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो, त्याच्यामागे भरतीही तेवढीच मागे सरकते, म्हणून हे जमतं. अर्धा तास इकडेतिकडे होतो. छापील वेळापत्रक हवंच, पण ते हाताशी नसलं तरी माणूस अडत नाही.

ज्या गावात नळाला पाणी कधी येणार याची वेळ घराघरात पाठ असते, त्या गावचा मी. पाण्याचं वेळापत्रक सांभाळून दिवस आखणं मला नवीन नाही. समुद्रालाही वेळापत्रक आहे आणि ते आमच्या देवघराशेजारी टांगलेलं आहे, हे कळल्यावर त्या अनोळखी किनाऱ्याची भीती बरीच गेली.

एकादशीचा हिशेब असा : भरती सव्वाआठला, ओहोटीचा तळ अडीचला. त्यानंतर पाणी चढू लागणार, आणि नेमका तेव्हाच वारा भरात येणार. दोन्ही गोष्टी एकत्र येण्याचं महत्त्व किनारा बघितल्यावर समजलं. दीडच्या सुमारास पाणी इतकं मागे गेलं होतं की काल संध्याकाळी जिथे लाटा फुटत होत्या तिथे ओली, सपाट, कडक वाळू पसरलेली. पतंगाच्या दोऱ्या २० ते २४ मीटर लांब. त्या सरळ पसरायला आणि चुकलं तर घसरत जायला मोकळी जागा लागते. भरतीला ती जागाच नसते. एका बाजूला उतार, त्यावर धपकन फुटणाऱ्या लाटा, दुसऱ्या बाजूला खुर्च्या, छत्र्या, माडांची झाडं. ओहोटीला मात्र किनारा मैदान होतो. शिवाय बाहेरच्या बाजूला वाळूचा लांबट दांडा उघडा पडतो, मोठ्या लाटा त्याच्यावर फुटतात आणि दांडा व काठ यांच्यामध्ये कमरेएवढं शांत पाणी राहतं. शिकणाऱ्याला यासारखी जागा नाही. पडलं तर उभं राहता येतं.

बाराला वारा आला. शिक्षक पाण्याकडे बघून म्हणाला, "आयलो." मला काही दिसलं नाही. त्याने दाखवलं : लांब, क्षितिजाच्या अलीकडे, पाण्याचा रंग गडद झाला होता. तो गडद पट्टा काठाकडे सरकत आला. दोनला लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस तुटायला लागला, तेव्हा त्याने हातातलं वारा मोजायचं यंत्र वर धरलं. १३ नॉट. थोरलीसाठी १० चौरस मीटरचा पतंग, माझ्यासाठी १२ चा, कारण माझं वजन जास्त.

मला फळी नाही दिली. आधी नुसतं पाण्यात पोटावर पडून पतंगाकडून ओढून घ्यायचं. एक हात दांडीवर, दुसरा हात पाण्यात सुकाणूसारखा पुढे. सुकाणूचा हात नीट धरला की वाऱ्याच्या दिशेने वाहत न जाता तिरकं, किंचित वाऱ्याच्या अंगावर जाता येतं. फळी हातातून सुटली तर तिच्यापर्यंत पोचायचा हाच मार्ग. पहिल्यांदा पतंग मधोमध आला आणि मी छातीभर पाण्यातून अर्धा वर उचलला गेलो. नाकातोंडात खारं पाणी. हाताने दांडी सोडली, पतंग शांत झाला, मी उभा राहिलो. पाय जमिनीला लागले. त्या दांड्यामागच्या उथळ पाण्याचे उपकार तेव्हा समजले. तिसऱ्या खेपेला मी जिथून निघालो त्याच्या थोडा वर, वाऱ्याच्या बाजूला बाहेर आलो. शिक्षक म्हणाला, झालं, हे जमलं म्हणजे तुम्ही परत येऊ शकता.

थोरली चार वाजता उभी राहिली. मी काठावर होतो. ती पाण्यात बसलेली, फळी पायात, पतंग डोक्यावर. तिने पतंग डावीकडे झुकवला आणि पाण्यातून वर आली, सरळ, गुडघे वाकवून. दहा मीटर, वीस मीटर, मग मोजणं सोडून दिलं. माझ्या मनात आलं ते फक्त हे की ही एवढीशी असताना सिद्धेश्वरच्या गड्ड्यावर, जत्रेत, आकाशपाळण्यात बसायला घाबरायची. मी ओरडलो नाही. मामाच ओरडला, "आरं वा गं पोरी!" आणि शेजारचे दोन परदेशी पतंगवालेही टाळ्या वाजवू लागले. पूर्वेला दिवसाउजेडीच फिकट चंद्र आला होता.

त्याच आनंदात चूक झाली. मामाला फोटो काढायचे होते म्हणून तो ओहोटीच्या वेळी चालत त्या वाळूच्या दांड्यावर गेला होता, पाठीला पिशवी, पायात बूट. पाणी चढायला लागलं ते त्याला समोरच्या बाजूने दिसत होतं आणि तिकडून अजून बरंच लांब होतं. पण भरतीचं पाणी आधी मागच्या चरात शिरतं. दांडा उंच, चर खोल. तो वळला तेव्हा काठ आणि त्याच्यामध्ये छातीएवढं पाणी वाहत होतं, आणि मामाला पोहता येत नाही. शिक्षकाचा मदतनीस फळी घेऊन गेला, मामाने फळीला छाती टेकवली आणि पिशवी डोक्यावर धरून बाहेर आला. "दाजी, मागून पाणी येतंय हे ध्यानातच आलं नाही ओ," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. चूक माझीही होती. ओहोटीची वेळ मी वहीत लिहिली होती, त्याला सांगितली नव्हती. अशा किनाऱ्यावर जो पाण्यात उतरणार नाही त्यालाही वेळ सांगायलाच हवी, कारण तोच बेसावध असतो.

चौथा दिवस, द्वादशी

वारा आला नाही. सकाळपासून उंचावर पातळ ढगांचा पडदा होता. ऊन पडत होतं, पण पिवळट. जमीन तापलीच नाही तर खारा वारा कशाला येईल. पतंगवाले चारपर्यंत पाण्याकडे बघत बसले आणि उठून गेले.

आम्ही कासवांची जागा बघायला गेलो. मोरजीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याने घरटी जाळीने बंदिस्त केली आहेत, प्रत्येकापाशी तारखेची पाटी. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. त्या भागात ना पतंग मांडायचा ना उतरवायचा, हे शिक्षकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आज जाळीजवळ उभं राहिल्यावर ते पटलं. आमच्या पतंगाची ताणलेली दोरी जमिनीला घासत गेली तर वाळूत नांगरासारखी रेघ पडते, मी स्वतः पाहिली आहे.

पाचवा दिवस, त्रयोदशी

आज वारा भरपूर. दोनलाच १७, मधूनच १९. काल न आलेला वारा आज सव्याज आला असं थोरली म्हणाली. तिला वाटलं आजचा दिवस एकादशीपेक्षा चांगला. शिक्षकाचा चेहरा मात्र वेगळं सांगत होता.

हिशेब मांडून बघा. त्रयोदशीची भरती पावणेदहाला, ओहोटीचा तळ चारला. म्हणजे वाऱ्याच्या सगळ्या चांगल्या वेळात पाणी बाहेर जाणार. पौर्णिमा दोन दिवसांवर, त्यामुळे उधाणाचं पाणी. इथे उधाणाला भरती-ओहोटीत दीड-दोन मीटरचा फरक पडतो, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, तो बराच कमी असतो. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या टेकडीवर शापोऱ्याचा किल्ला दिसतो. भरतीला आत शिरलेलं सगळं पाणी ओहोटीला त्या अरुंद मुखातून बाहेर पडतं. आणि वायव्येचा वारा शिकणाऱ्याला ढकलत ढकलत नेमका दक्षिणेकडे, त्या मुखाकडेच नेतो. वारा मुखापर्यंत पोचवणार आणि तिथून पाणी समुद्रात नेणार. एकादशीला हेच मुख निरुपद्रवी होतं, कारण वाऱ्याच्या वेळी पाणी आत येत होतं.

म्हणून त्याने आम्हा सगळ्यांना गाडीत घालून उत्तरेला आश्व्याच्या बाजूला नेलं, मुखापासून लांब. ठरलेल्या खडकापुढे गेलं की पतंग उतरवायचा, चालत परत यायचं, पुन्हा सुरुवात. थोरलीला ८ चौरस मीटरचा लहान पतंग दिला. मी आज पाण्यात उतरणार नाही असं सांगितलं. १९ नॉटच्या वाऱ्यात माझ्या हातांवर माझा विश्वास नव्हता, आणि त्याने ते लगेच मान्य केलं.

साडेतीनच्या सुमारास दूर दक्षिणेला, मोरजीच्या बाजूला, एक निळा पतंग पाण्यात पडलेला दिसला. तो उठेना. आमच्या गटातला नव्हता, कुणीतरी एकटाच उतरला असावा. शिक्षकाने दुर्बीण लावली आणि वडिलांना फोन केला. होडी निघाली. त्या माणसाला सुदैवाने स्वतःला सोडवायची रीत माहीत होती. दोऱ्या दांडीभोवती गुंडाळत तो पतंगापर्यंत पोचला, फुगलेल्या नळीवर छाती टाकून त्याने पतंगाची दोन टोकं जवळ ओढली आणि शिडासारखा वापर करून काठाकडे यायला लागला. वारा त्याला आत आणत होता, पाणी बाहेर. मी पाहत होतो, तो जागच्या जागीच होता. बराच वेळ जागच्या जागी. मग होडी पोचली.

थोरलीनेही ते पाहिलं. ती स्वतःहून बाहेर आली, डोक्यावर हात थोपटून खूण केली, मदतनिसाने पतंग धरला, उलटा करून त्यावर वाळू टाकली. माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "पप्पा, काल-परवा माझं जमलं ते माझ्यामुळे जमलं असं वाटत होतं."

मी म्हणालो, "तुझ्यामुळेही जमलं. पण तिथीनंही साथ दिली."

संध्याकाळी होडीवाल्या बाबांना भेटून नमस्कार केला. त्यांना शेंगाचटणीची पुडी दिली. त्यांनी सुक्या बांगड्यांची पुडी हातात ठेवली. मी शाकाहारी आहे हे सांगायला जीभ उचलली नाही. मामाने आनंदाने ती आपल्या पिशवीत घातली.

सहावा दिवस, चतुर्दशी

सकाळी सहाला निघालो. निघण्याआधी एकटाच किनाऱ्यावर जाऊन आलो. पूर्वेचा थंड वारा पाठीवर, पाणी चढत होतं. साडेदहाला भरायचं होतं. घाट चढून आजऱ्यापर्यंत अंगावरचा चिकटपणा गेला. सांगोल्याच्या पुढे संध्याकाळी रस्त्याच्या कडेला वावटळ उठली, धूळ आणि वाळकी पानं गरगरत वर गेली. थोरलीने मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. "तापलेली जमीन," ती म्हणाली, "तीच गोष्ट."

रात्री साडेआठला घरी. दुसऱ्या दिवशी हुताशनी पौर्णिमा, दाराशी होळीची तयारी. पंचांग पुन्हा खुंटीला लावलं, त्याच्या कोपऱ्याला समुद्राच्या हवेने लहर पडली आहे. थोरली रंगपंचमीआधीच पुण्याला गेली. काल तिचा फोन आला. आधी आजीची चौकशी, मग मागांची, मग जरा थांबून :

"पप्पा, वद्य दशमी कोणत्या वारी येते हो?"

मी फोन कानाला तसाच धरून देवघराकडे गेलो.